अक्कांचा उघडा फायरवॉल

अक्का रोज दिवेलागणीला कॉम्प्युटरचा फायरवॉल बंद करायच्या आणि तासाभराने पुन्हा चालू करायच्या. इंदिरानगरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. बाहेरच्या कुणाला कॉम्प्युटरमध्ये घुसू न देणारा तो पहारा सांभाळणं हेच व्हाइटफील्डच्या कंपनीत माझं काम. त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच.

"स्वल्प थांब गं," अक्का त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. "माधव यायचाय."

माधव त्यांचा मुलगा, अमेरिकेत असायचा. आईशी खेळता यावं म्हणून त्याने स्वतः रमीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याच्याकडे सकाळ झाली की तो मशीन सुरू करायचा आणि दोघं खेळायला बसायची. फायरवॉल चालू असला की खेळ जोडला जायचा नाही. मी म्हटलं, "अक्का, एवढ्या एका खेळापुरती कायमची परवानगी देऊन ठेवता येते."

"परवानगी द्यायला तो काय परका आहे? मी उघडते, तो येतो. सरी? बरोबर ना?"

अक्का खेळताना पडद्याशी बोलत. "राजा धरून बसलायस ना? ठाऊक आहे मला." जिन्यावरून जाताना ते मला ऐकू यायचं.

माधव अचानक गेला. हृदय बंद पडलं. अक्कांची तब्येत प्रवासाची नव्हती. सून स्मिता नंतर फोन उचलेनाशी झाली.

तरी दिवेलागणीला अक्का खाली फायरवॉल बंद करायच्या, खेळ उघडायच्या आणि बसून राहायच्या. पडद्यावर फायरवॉल बंद असल्याचा लाल इशारा, खोलीत फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. मला तिथे पाऊल ठेवायला भीती वाटायची, आणि त्यांना एकटं सोडवतही नसे. एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, चालू करू का आता?"

"कोणी येणार नाही, हे कळतं गं मला. पण त्याच्या यायच्या वेळेला बंद कसं ठेवू?"

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : माधव आला आहे.

कुणीतरी परका घुसला, असं वाटून मी माउसकडे हात नेला. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"थांब. पान टाकू दे."

समोरून पान पडलं. जोकर.

अक्कांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "माधव नव्हे. जोकर कोण टाकतं? स्मिता आहे ही. तिला रमी येत नाही."

आणि त्या खेळत राहिल्या. लागलेला डाव मोडून चांगली चांगली पानं टाकत राहिल्या, स्मिता जिंकेपर्यंत. थोड्या वेळाने फोन वाजला. अक्का म्हणाल्या, "चहा झाला का गं, स्मिता?" पलीकडचं रडणं मलाही ऐकू आलं. माधवचं मशीन देऊन टाकण्याआधी त्यातले फोटो काढून घ्यावेत म्हणून तिने ते सुरू केलं होतं. खेळ आपोआप उघडला, आणि पडद्यावर आलं : आई वाट पाहते आहे.

त्या दिवसापासून स्मिताचे फोन येऊ लागले. अक्कांनी मग फायरवॉल पुन्हा कधी बंद केला नाही.

पुढे अक्काही गेल्या. स्मिता आली, घर आवरायला मी मदतीला गेले. कपाट रिकामं करता करता ती थांबली.

"त्या दिवशी तुम्ही होतात ना इथे? त्यांना माधवच वाटला असेल. म्हणून मी खेळत राहिले. बंद करवेना."

"पहिल्याच पानाला ओळखलं होतं त्यांनी तुम्हाला," मी म्हणाले.

"मग त्या का खेळत राहिल्या?"

स्मिता अक्कांच्या खुर्चीत बसली, आणि अंधार पडला तरी उठली नाही.