नईमच्या मरियमबाई

शेवटच्या संध्याकाळी मी आणि माझी बायको सोनी ओटीवर चिंचा फोडत होतो. तिनं पुन्हा मरियमबाईंचं काढलं. दुसऱ्या महायुद्धाआधी मुंबईत मोत्यांचा धंदा करणाऱ्या बहरीनच्या अरबाची ही लेक. लग्नाआधी सोनी तिच्याकडे कामाला होती. मी म्हटलं, "पुरे. हात चालव." सकाळी सोनी उठली नाही.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पोराला सांभाळीन म्हटलं, नातीचं लग्न करीन म्हटलं. ढिम्म. मेहुणी म्हणाली, "भावोजी, बाईंचं बोला." म्हटलं, "बहरीनला जाऊन बाईंना भेटतो." तेव्हा शिवला.

पोरगा तिथंच ड्रायव्हर. विमानातून उतरलो तर भट्टीचं दार उघडल्यागत वारा. माहूज भागात त्याच्या खोलीवर हामूर (आपल्या गोबऱ्यासारखा मासा) खाल्ला. मासा बरा, पण कोकम नव्हतं.

शुक्रवारी त्याला सुट्टी. सोनी सांगायची त्या नईम मोहल्ल्याच्या गल्ल्यांत मुंबईची म्हातारी विचारत गेलो. सगळ्यांना ठाऊक. बाई माडीवर भिंतीला टेकून बसलेल्या. मी सोनीचं नाव सांगितलं. मराठी अजून येत होतं.

"तू सोनीचा नवरा? लग्न ठरलं तेव्हा उंच आहे म्हणायची. कुठे रे उंच?"

"होतो. वाकलो."

"आणि ती खाली गाडीत? लाजते काय?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) आला. तो पोटात गेल्यावर म्हटलं, "बाई, ती गेली."

बाई म्हणाल्या, "मी तेव्हा कशी होते ते बघितलेलं एवढंच माणूस उरलं होतं. या नाती म्हणतात, आजी थापा मारते."

"मी बघितलं नाही. पण जन्मभर ऐकलंय. कंटाळा येईस्तोवर."

"मग उद्या येऊन सांग यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. नाती समोर बसलेल्या. मी मराठीत सांगायचो, बाई अरबीत करायच्या. वेणी कापून घोड्यांच्या शर्यतीला गेल्या ते सांगितलं. बाप महिनाभर बोलला नाही. गोऱ्यांच्या बँडवर नाचून आल्या की सुजलेले पाय सोनी चोळायची. हिरवी मोटार स्वतः चालवायच्या, समुद्राच्या कडेनं, शेजारी सोनी. पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या.

धाकटीनं काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "मोटारीत सोनीनं काय नेसलं होतं, विचारते."

ते मला ठाऊक नव्हतं.

"पिवळं लुगडं," बाईच म्हणाल्या. "पदर दातात धरलेला. ओरडायची, अजून जोरात, बाई, अजून जोरात."

सोनी बैलगाडीतसुद्धा माझा दंड धरून बसायची. मी जरा पुढे सरकून बसलो. म्हटलं, "बाई, आता तुम्ही सांगा."