मखरातलं सेबर

पोशीरचा वाल्मिक माझ्या एकाच मोर्चाला आला. घोषणेला ओठ हलवत होता, आवाज काढत नव्हता. मी तिथेच सुनावलं, "घसा घरी ठेवून आलास का रं?" त्यावर तो हसला आणि पुन्हा आला नाही. माझी ओळख राहिली ती त्याच्या बायकोमुळे. सुंदरा आमच्या बचत गटात आहे.

हा माणूस खालापूरकडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या ओतणाऱ्या मशीनवर उभा असतो आणि घरी येऊन प्लास्टिकचीच विमानं जोडतो. खेळण्यातली नव्हेत, लढाईतली, खऱ्याच्या मापात लहान केलेली. पूर्वी माथेरानला हॉटेलात होता तेव्हा एक पाहुणा अर्धवट जोडलेलं विमान खोलीत टाकून गेला. तिथून हे वेड लागलं. खोक्यातले सुटे भाग ब्लेडने कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, मसुराएवढ्या वैमानिकाच्या डोक्याला रंग द्यायचा. शेवटी खुणांचे स्टिकर पाण्यात भिजवून पंखावर सरकवायचे. त्या वेळी घरात पंखा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही.

एक विमान तो कधीच करत नाही. जोडी करतो. "एकटं इमान म्हंजे शोभेची वस्तू, ताई. समोर कोन व्हता ते दिसलं पायजे."

यंदा त्याने घरच्या गणपतीला पासष्टच्या लढाईचा देखावा केला. मखरात कापसाचे ढग केले. मुकुटाच्या वर पाकिस्तानचं सेबर आणि त्याच्या मागे लागलेलं आपलं नॅट, दोन्ही नायलॉनच्या दोऱ्याने टांगलेली. दारातून आत आलं की दोन्ही दिसायची. पण कुणीतरी चौरंगाजवळ वाकून मोबाइलवर फोटो काढला. त्यात नॅट ढगाआड गेलं आणि उरलं काय, तर बाप्पाच्या डोक्यावर चांद-तारा.

मे महिन्यात पाकिस्तानशी पुन्हा जुंपली होती, सगळीकडे सायरनच्या तालमी झालेल्या, लोकांची डोकी अजून तापलेली. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. खाली एकच ओळ होती: 'हा गणपती कुणाच्या देशाचा?' दुपारपर्यंत तो नेरळला पोचला, कर्जतला पोचला. कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला, "वाल्मिक, तो तूच का?" एवढं विचारून ठेवून दिला. पुढे काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं सुंदरा म्हणाली.

तिने मला बोलावलं तेव्हा ऊन उतरलं होतं. खिडक्या लावलेल्या, उदबत्तीचा धूर आतच कोंडलेला. रोज आरतीला येणाऱ्या शेजारणींपैकी एकही आली नव्हती.

"तो गावातला लडकू पोरं घेऊन येनार हाय," सुंदरा म्हणाली. "मखर फोडू, असा बोललाय."

"मग काढ ना ते विमान," मी वाल्मिकवर खेकसले.

"कसा काढू? दोरा मागच्या पायपाला बांधलाय, कापडाच्या आत. आधी इमानं टांगली, मंग बाप्पा बसवला. उलटा करायला पायजे व्हता."

"काठीला ब्लेड बांध आणि काप."

"खाली सोंडेवर पडंल ते."

बसवलेली मूर्ती उत्तरपूजेआधी हलवायची नाही. आणि विमानाला हात घालायचा तर चौरंगावर पाय द्यावा लागणार. मूर्ती शाडूची, चौरंग आधीच डुगडुगता. माझ्या घरी गणपती नसतो, आमचं घर बौद्धांचं. पण मूर्तीला तडा गेला तर या घरावर काय येईल, हे मला कुणी शिकवायला नको. आणि हात वाल्मिकचा लागला तर गाव दोन गुन्हे लावणार.

मोटारसायकली दाराशी येऊन थांबल्या. सुंदराने समईची वात उगाच पुढे सारली, तिचं बोट भाजलं. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"उज्वलाताई, बाजूला व्हा," लडकू म्हणाला. "तुमचा गनपतीशी काय संबंध?"

"गणपतीशी नाय, दाराशी हाय. पोलिसांना फोन केलाय मी. तुझं नाव सांगितलंय, बापाच्या नावासकट."

मी फोन केलेला नव्हता. कर्जतहून गाडी येईपर्यंत काय उरलं असतं?

एकाच्या हातात बांबू होता. तेवढ्यात वाल्मिक मागून आला, कपाळावरचा घाम पुसत. आवाज इतका बारीक की मलाही कान द्यावा लागला.

"लडकू, ये आत. तूच काढ. चपला भायेर ठेव, चौरंगावर चढ नि काढ. मी धरतो चौरंग. माज्या हातानं बाप्पाला धक्का लागला तर तुमी मला सोडनार नाय. तुज्या हातानं लागला तर तुजा तू बघ."

लडकू चपला काढून आत आला. मखरासमोर उभा राहून त्याने वर पाहिलं. हात वर नेला, मुकुटापाशी थांबला, खाली घेतला. मागे वळून म्हणाला, "सखा, तू हलका हायस. तू चढ."

सखा म्हणाला, "मी नाय बाबा."

कुणीच चढेना. बांबूवाल्याने बांबू भिंतीला टेकवला. मग सुंदराने आरती सुरू केली आणि त्या पोरांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. आरती चालली होती, पण डोळे कुणाचेच मिटलेले नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने सेबर हळूहळू गोल फिरत होतं. प्रसाद घेताना लडकू वाल्मिकच्या कानाशी म्हणाला, "इसर्जन होऊ दे. मंग बघतो."

विसर्जनापर्यंत त्या घरात कुणी धड जेवलं नाही. बाप्पा जावा असंही त्यांना वाटेना आणि राहावा असंही. उत्तरपूजा झाली, मूर्ती पाटावर घेतली, तसा वाल्मिकने दोरा कापला. सेबर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं.

"मोडून टाकू?" मी विचारलं.

"नको. नॅटच्या समोर कोन व्हता ते मंग कसा दाखवू?"

लडकूची पोरं विसर्जनानंतर आली, घर धुंडाळलं, नुसतं नॅट सापडलं, त्याला हात लावून गेली. सेबर माझ्याकडे आहे, हे अजून कुणाला कळलेलं नाही. पोटमाळ्यावर तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. मोर्चात पोलिसांच्या तोंडावर बोलणारी बाई मी, पण हल्ली दाराची कडी वाजली की आधी वर बघते, मग विचारते, "कोण?"