कोंबड्यांच्या पाण्याचं बटण

बायकोला हे माहीत नाही. बहिणीला नाही. आणि जिच्या बाबतीत मी हे केलं ती माझी आई आत्ता पलीकडच्या खोलीत बसून चिठ्ठ्या लिहिते आहे — तिला तर नाहीच नाही. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

विषय कोंबड्यांचा आहे. हसा, खुशाल हसा. सिंगापूरमध्ये बारा महिने घामाच्या धारा, आणि इथे बसून मी कोंबड्यांचं पाणी गोठू नये याची काळजी वाहत होतो. कोंबड्या मेधाच्या. मेधा माझी धाकटी बहीण, कॅनडात एका लहान गावात नर्स आहे. घरामागे खुराडं, त्यात सहा कोंबड्या. तिकडे हिवाळ्यात बघता बघता पाण्याचा दगड होतो, आणि दाणे कितीही टाका, पाण्यावाचून कोंबडी जगत नाही. म्हणून पाण्याच्या भांड्याखाली विजेवर तापणारी तबकडी ठेवायची. साधी गोष्ट. पण मला साधं कुठे चालतं? मी पडलो बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातला मोठा इंजिनिअर! मी तिला फोनवरून चालू-बंद होणारा प्लग पाठवला, पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर पाठवला, आणि अॅप ठेवलं माझ्या एकट्याच्या फोनवर. तुमची रात्र म्हणजे माझा दिवस, मी लक्ष ठेवतो, म्हटलं. मेधा म्हणाली होती, "दादा, तुझ्या खेळण्यांच्या भरवशावर मी माझ्या कोंबड्या सोडू का?" मला ते फार झोंबलं होतं.

त्या हिवाळ्यात आई तिच्याकडे होती. जन्मभर पुण्यात शाळेत गणित शिकवलेली बाई. जुन्या वर्गांचे हजेरीक्रमांक नावांसकट सांगायची. कोंबड्यांनाही तिने विद्यार्थिनींची नावं दिली होती. बाबा गेल्यावर ती पुण्यात एकटी राहायची, आणि 'आता आमच्याकडे ये' असं तिला म्हणायची कुणाची टाप नव्हती. मार्चमध्ये ती परत जाणार होती. तोवर कोंबड्यांचं पाणी तिच्याकडे. रोज संध्याकाळी भांडं भरायचं, प्लगचं बटण दाबायचं, दिवा लागलेला बघायचा, मगच घरात यायचं.

आता सांगतो. सांगतो म्हणजे — थांबा, आधी ती मीटिंग.

शुक्रवारी दुपारी मी क्लायंटसमोर बोलत होतो. फोन मोठ्या स्क्रीनला जोडलेला. आणि त्या स्क्रीनवर दर पाच मिनिटांनी पाटी झळकत होती — 'चिकन वॉटर, वन डिग्री, हीटर ऑन'. समोरचा एक जण म्हणाला, "वा, युअर चिकन ऑल्सो ऑनलाइन, आह?" सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अॅप उघडलं आणि हीटर बंद केला. तरी पाटी आलीच, तेव्हा सूचनाही बंद केल्या. चुकून? नाही हो, चुकून नाही! बटण कशाचं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तासाभरात चालू करू, म्हटलं. मग मीटिंग चांगली झाली म्हणून सगळे जेवायला हॉकर सेंटरला गेलो, आणि मी विसरलो.

मी बटण बंद केलं तेव्हा तिकडे रात्रीचा एक वाजला होता. शुक्रवार उजाडला तो बर्फाचं वादळ घेऊनच. मेधा हॉस्पिटलात अडकली, आणि आईला तिने फोनवरून बजावलं की दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दाणे भरपूर होते, पाणी गरम आहेच असं दोघींनी धरलं. शनिवारी सकाळी आई गुडघाभर बर्फ तुडवत खुराड्याशी गेली. भांड्यात बर्फाचा ठोकळा. दोन कोंबड्या मेलेल्या, बाकीच्यांचे तुरे काळे पडलेले.

आम्ही इथे रात्रीचं जेवत होतो तेव्हा व्हिडिओ कॉल आला. मेधा रडत होती, आईवर ओरडत होती. आई मात्र ठाम. "मी गुरुवारी बटण लावलं होतं. दिवा लागलेला बघितला, मगच आत आले." मग मेधाने विचारलं, "दादा, अॅपमध्ये काय दिसतंय?"

एक वाक्य बोलायचं होतं. 'मीच बंद केलं.' काय झालं असतं? मेधा चार शिव्या घालती, आठवडाभर बोलती ना, संपलं असतं. नोंद माझ्या समोर होती, माझ्या नावासकट. ती वाचत वाचत मी म्हणालो, "गुरुवारी संध्याकाळी बटण हाताने बंद झालेलं दिसतंय." एवढ्यावर तरी थांबावं की नाही? नाही. आवाज मऊ केला आणि म्हणालो, "आई, होतं गं असं या वयात."

मग नोंद पुसून टाकली आणि भात कालवून जेवलो.

विसरलो मी, आणि विसराळू ठरली ती. माझा मला इतका राग येतो की कधीकधी दाढी करताना आरशाकडे बघवत नाही. आणि खरं सांगू? आईचाही येतो. का मानलंस तू? वर्गातल्या पोरींची एक चूक खपवून घेतली नाहीस, मग माझ्याशी का भांडली नाहीस? पण ती भांडली नाही. हळूच म्हणाली, "असेल. तू म्हणतोस म्हणजे असेल."

पुण्याला ती गेली नाही. एकटीला ठेवणं बरं नव्हे, असं आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं — पुढाकार माझा. आता ती इथे सिंगापुरात, सेम्बावांगला आमच्या फ्लॅटमध्ये असते, लांब मुदतीच्या व्हिजिट पासवर. लिफ्टने एकटी खाली उतरत नाही. 'गॅस बंद केला, चार दहा', 'गोळी घेतली', 'दार लावलं' — चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. तरी पुन्हा विचारते. माझी मुलगी वैतागते, "आजी, ऑफ ऑलरेडी, लाह!" बायको चारचौघांत माझं कौतुक करते, आईला किती जपतो म्हणून, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतो. ऐकून घेतो! एकदाही म्हणालो नाही की बाई गं, गप्प बस.

गेल्या मंगळवारी तिला डॉक्टरकडे नेलं, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तिने ते उलटसुलट म्हणून दाखवले. शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं, तर एका दमात दोनपर्यंत आली. डॉक्टरीण हसायला लागली. म्हणाली, यांना काही झालेलं नाही, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मी आईला मराठीत सगळं नीट सांगितलं.

बाहेर आम्ही बसस्टॉपवर बसलो. आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टरीण चांगली आहे रे बिचारी, पण तिला कुठे माहीत? सुहास, तू तर स्वतः बघितलं होतंस ना तेव्हा, बटण मीच बंद केलेलं?"

मी 'हो' म्हणालो.