मायच्या कानात

होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी राहतो. दिवे गेले की एकेक जण आपापलं काही सांगते — कुणाला कोण आवडलं, कुणी परीक्षेत काय केलं. मीही सांगते. पण हे एक मी त्यांना सांगितलेलं नाही, मावशीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून असेल, तुमच्यापुढे लिहायला हात धजतो आहे.

सुरुवात कुठून करू? सिनेमापासूनच करते.

आमचं गाव तेलंगणात, बेल्याजवळ, महाराष्ट्राच्या अगदी काठावर. घरात, शेतात, बाजारात सगळं मराठी. मी तिसरीत असताना वडील तापाने गेले. त्यानंतर माय गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायला लागली — अजून रांधते. मला पाचवीला सरकारी निवासी शाळेत घातलं. तिथे सगळं तेलुगूत. पहिलं वर्ष मी रडत काढलं, दुसऱ्या वर्षी मला तेलुगू येऊ लागलं आणि त्याचा मला फार गर्व झाला. आमच्या घरात शाळेची पायरी चढून वर गेलेली मी पहिलीच. मायला सही करता येते, तीही सावकाश.

दसरा आणि संक्रांत — वर्षातून दोनदा मी घरी यायची, आणि दोनदाच आम्ही सिनेमाला जायचो. दुपारच्या बसने आदिलाबाद, मावशीकडे चहा, मग संध्याकाळचा फर्स्ट शो, आणि रात्री मावशीकडेच मुक्काम. माय ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसायची. सिनेमा तेलुगू, म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं मराठीत सांगायची. ती कानावरचा पदर मागे सारून डोकं माझ्याकडे झुकवायची. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि शाळेच्या चुलीच्या धुराचा वास असायचा.

पहिल्याच सिनेमात मी तिला शहाणपणानं सांगितलं होतं, माय, तेलुगूत गाण्याला 'पाट' म्हणतात. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. "अवो, पाट? मंग त्या हिरोइनीचे तर सा पाट लागले आतापर्यंत!" आमच्यात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. जुनी रीत आहे, कुणाला त्याचं नवल नाही. मीही हसले होते तेव्हा.

आणि हेही सांगून टाकते — मी सगळं खरं सांगायची नाही. विनोद समजला नाही की स्वतःचा घालायची. खलनायकाला आमच्या गावच्या तलाठ्याचं नाव द्यायची. मायला आवडायचं. मला वाटायचं, माझ्यावाचून तिला काय कळणार?

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. संक्रांतीची सुट्टी. आम्ही मावशीकडे पोचलो, माय तोंड धुवायला मोरीत गेली आणि मावशीनं मला चुलीजवळ ओढलं. "तुह्या मायले पाटासाठी जागा आली हाये. तामसीकडचे दिगंबरभाऊ, शाळेत भाजी आनतेत ते. मानूस बरा हाये. तिच्या मनात बी हाये, पन ते तुले भेते. तू काय म्हनशीन, हेच इचार करून राह्यली."

मला दिगंबरभाऊ माहीत होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना वांग्यांच्या पिशव्या लावून यायचे. पालक आणला तर धुऊनच आणायचे, कारण चाळीस पोरांचा पालक एकटीनं धुणं किती जड, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. त्यांची बायको वारलेली, मूल नव्हतं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. वाईट माणूस असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

मला काय झालं? मला लाज वाटली. माझ्या वर्गातल्या मुली काय म्हणतील — आईचं लग्न? सुट्टीत मी कुणाच्या घरी जाणार? हे कारण म्हणून सांगत नाही. त्या तासाभरात डोक्यात जे होतं ते सांगते आहे. माय मोरीतून बाहेर आली, पदर नीट केला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "निगाचं का?" एवढंच. दुसरं काही विचारायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी चपला घालायला खाली वाकले.

सिनेमात — आता येतेच मी तिथवर — नायिकेची मोठी बहीण होती. विधवा, पदरी एक मुलगी. शेजारचा बस कंडक्टर तिला मागणी घालतो. मध्यंतरानंतरचा प्रसंग. तो विचारतो, "नीकु इष्टमेना?" — तुला पसंत आहे का? ती मान खाली घालते. थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी मायनं श्वास धरला होता, मला तिचा दंड लागत होता, म्हणून कळलं. मग पडद्यावरची ती बाई मान वर करून म्हणते, "इष्टमे."

पसंत आहे.

मायनं डोकं माझ्याकडे झुकवलं. कानावरचा पदर मागे केला.

आणि मी सांगितलं, "नको म्हणते. म्हणते, माझ्या लेकीला आवडणार नाही."

माय हलली नाही. पडद्यावर ती बाई हसत होती, कंडक्टर डोळे पुसत होता — ते तर आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून मी घाईनं म्हटलं, चल, सुटल्यावर ऑटो मिळत नाही. सिनेमा अर्धा तास बाकी असताना मी तिला उठवलं. ती उठली. काऊन म्हणून एका शब्दानं विचारलं नाही.

सकाळी मी अंथरुणात होते. चुलीपाशी माय मावशीला सांगत होती, "नाही म्हनून सांग त्याईले." मावशी तिला बोलत राहिली, माय भाकऱ्या थापत राहिली. आणि मला — हे लिहायलाच हवं — मला बरं वाटलं. उठले, तोंड धुतलं आणि गरम दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षी दिगंबरभाऊंनी किनवटकडच्या एका बाईशी लग्न केलं. मी आदिलाबादला डिग्रीला आले. पडद्यावरचा तो 'इष्टमे' मला अधूनमधून आठवायचा, पण मी स्वतःला सांगायची — मायला कुठे काय कळलं? तिनं तिच्या मनानं नाही म्हटलं. माझ्या चार शब्दांनी का कुणाचं आयुष्य ठरतं?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम झाला. हैदराबादहून गायक आला होता, खरे वाजवणारे, खरे ढोल. अशी मैफल मी पहिल्यांदाच पाहणार होते. घरच्यांना परवानगी होती, म्हणून मी मायला बोलावून घेतलं. ती तेच जांभळं लुगडं नेसून आली. ढोल वाजला की ती छातीवर हात ठेवायची. "अवो, आतमंदी वाजून राह्यला हा तर!" मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. मीही खूश होते. गायक तेलुगूत बोलायचा, मी तिच्या कानात सांगायची. जुनीच सवय.

दोन-तीन गाणी झाल्यावर त्यानं घाम पुसला, माइक हातात घेतला आणि गर्दीला विचारलं, "इंको पाट पाडना? इष्टमेना?" — अजून एक गाणं म्हणू का, पसंत आहे का?

मी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला. हात वर करून, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या मैदानाबरोबर —

"इष्टमे!"

माय होती ती.

मी तिच्याकडे वळले. ढोल सुरू झाला होता तरी मला ऐकू येत नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "माय, तुले तेलुगू समजते?"

ती स्टेजकडेच बघत होती. "दहा वर्सं झाले शाळेत भात वाढून राह्यली. ते हेडमास्तरीनबाई काय माह्यासंगं मराठीत बोलते?"

"मंग मले काऊन सांगू देत होती, इतके वर्सं?"

"तू सुट्टीत येऊन पुस्तकात डोस्कं घालून बसे. तेवढ्याच टायमाले कानाशी बोले."

मी पुढचं विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. पण थोड्या वेळानं, गाणं चालू असतानाच, मान न वळवता तीच बोलली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. उद्या भाजी काय करायची, असं विचारावं तसा आवाज.

"त्या दिवशी बी समजलं होतं मले. तिचं बी, तुहं बी."

म्हणजे तिनं तो शब्द ऐकला होता. आणि तो शब्द तर 'इष्ट' — तो कळायला तेलुगू तरी कशाला लागतं? मी शाळेत शिकलेली, मलाच हे सुचलं नव्हतं. तिनं ती बाई हो म्हणताना ऐकली, आणि मग तिच्या कानात मी नको म्हणाले. तिला हवं होतं ते उत्तर तिला मिळालं — सिनेमातलं नाही, माझं. मला न विचारताच मिळालं. उठ म्हटल्यावर ती उठली, ती का, हे मला दोन वर्षांनी कळलं. त्या मैदानावर, इतक्या माणसांत, ढोलाच्या आवाजात.

गाणं संपलं. गायक पुन्हा काहीतरी बोलला, सगळे हसले, मायही हसली. आणि मग तिनं कानावरचा पदर मागे सारला आणि डोकं माझ्याकडे झुकवलं. "सांग न वो. थांबली काऊन?"

तिला माझ्या सांगण्याची गरज नव्हती. ते तिला ठाऊक होतं, आता मलाही. मी तोंड तिच्या कानाशी नेलं. तेल, धूर — तोच वास. मी नुसती तो घेत राहिले.

दिगंबरभाऊ अजून शाळेत भाजी देतात. पालक अजून धुतलेला असतो, असं माय सांगते.

मी तिला अजून काहीच बोललेले नाही. ती बाई हो म्हणाली होती. मी मायला नको सांगितलं. मायनं दोन्ही ऐकलं, आणि माझं ऐकलं.