लाजू नको, मांग

आमचा दादा आखातातून परत आला तो दोनच गोष्टी घेऊन, हॉटेल काढण्यापुरता पैसा आणि न संपणारी तक्रार. हॉटेल त्यानं अमरावतीला बायपासवर काढलं, तक्रार घरोघरी वाटली. मी अकोल्याहून माहेरी गेले की चहा हातात पडायच्या आधीच सुरू. "सारखंच काम बाई, सारखंच! पण तेथच्या माणसाले दुप्पट पगार, मले अर्धा. काहून? तर माहा पासपोर्ट त्याईच्या देशाचा नाई. तेल कंपनीत जाय, हॉटेलात जाय, रस्त्याच्या कामावर जाय, सगळीकडे तेच." एवढं बोलून तो डोळे पुसायचा. मला मेलं वाईटही वाटायचं.

त्याच्या हॉटेलात दोन आचारी होते, एक बडनेऱ्याचा, एक नेपाळचा. काम एकच, भट्टी एकच. बडनेऱ्याचा सुटीवर गेला की त्याचंही काम नेपाळीच ओढायचा, तरी पगार कमी. त्याची बायको आणि लहान पोरगी गावाकडे. त्यांना इकडे आणायचं, पोरीला इथल्या शाळेत घालायचं, हाच त्याचा ध्यास. खोलीसुद्धा पाहून ठेवलेली. भाडं तेवढं पगारात बसत नव्हतं.

हिवाळ्यात दादानं मोझरीजवळच्या शेतात रोडगे केले. नातेवाईक, शेजारी, हॉटेलातली माणसं, सगळ्यांची एकच पंगत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि तूप वाढायला यजमान स्वतः. त्यानं पानापुढं उभं राहून 'मांग' म्हणायचं, आपण 'बस, बस' म्हणायचं. मागायचं ते तूपच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. नेपाळ्याला कोण सांगणार?

दादा त्याच्यापुढं थांबला. "मांग लेका! काय पायजे ते मांग, लाजू नको."

त्यानं शेजारी बसलेल्या बडनेऱ्याच्या आचाऱ्याकडे हात केला. "सेठ, जितना इनको देते हो, उतना मुझे भी दे दो. बीवी-बच्ची को बुला लूंगा."

दादाचा चेहरा पडला, पण जीभ नाही पडली. "अबे, तो येथचा हाय. तू परदेशी माणूस. तुले बरोबरीनं कसं देऊ?"

वा रे वा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, तेथचा तुहा सायेब तरी दुसरं काय सांगे?"

"तू मंधात बोलू नको. ते येगळं."

काय वेगळं, ते त्याला आजवर सांगता आलेलं नाही. नेपाळ्यानं पानावर आडवा हात धरला आणि तूप नको म्हणाला. पुढच्या आठवड्यात दादानं त्याच्या पोरीसाठी फ्रॉक घेतला आणि त्याचा फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला. इतका उथळ माणूस माझ्या सख्ख्या नात्यात आहे, काय करता!

उन्हाळ्यात नेपाळ्यानं काम सोडलं. एजंटानं त्याचं आखातात जमवलं होतं. खोली दुसऱ्याला गेली, बायको-पोर गावाकडेच राहिली. जायच्या आधी तो दादाला विचारायला आला, तिकडे कोणती कंपनी बरी? मी तिथंच होते. दादानं त्याला बसवलं, चहा दिला, खांद्यावर हात ठेवला. डोळे नेहमीसारखे भरून आले.

"नको जाऊ बापा," दादा म्हणाला. "तिकडे आपल्याले माणूस समजत नाई."

आपल्याले! नेपाळ्यानं मान हलवली, चहा संपवला, आणि कंपनीचं नाव पुन्हा विचारलं.