इटलीला नेलेलं फडकं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडणं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. उन्हं उतरली होती आणि अंगणात पोत्यावर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडला होता. ती सुपात दाणे टाकत होती, मी पोत्यावर टरफलं सांडत होतो. माझ्या अंगठ्याला चाळीस वर्षांचं ग्रीस चिकटलेलं. शेंग फोडली की दाणा चेंबायचा.

"मिस्त्रीचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "शेंग बी पान्यानंच फोडा तुमी."

मी हसलो. मग सुपाकडं बघतच ती म्हणाली, "आवं, त्या बाईला फडकं खरंच आवडलं व्हतं का?"

"सतरांदा काय विचारतीस? आवडलं म्हणलं ना."

"न्हाई, जुनं व्हतं. नवं द्यायला पायजे व्हतं."

"तिला काय कळतंय नवं-जुनं," मी म्हणालो आणि दुसरी शेंग घेतली.

एवढंच बोलणं झालं. त्या बोलण्यात माझं काय गेलं ते समजायला फडक्याची गोष्ट सांगावी लागते. मी चौथी शिकलेला माणूस आहे, गोड करून सांगायला येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

आमच्या गावात, झरीला, मालकांकडं एक जुनी मोटार आहे. निजामाच्या अमदानीत त्यांच्या आज्यानं हैदराबादहून आणलेली. उघड्या टपाची, लाकडी चाकांची, पुढून हँडल मारून चालू करायची. तिचा एक नट कुठल्या दुकानात मिळत नाही. जो तुटला तो मी घासून, कापून, जुळवून बसवला. चाळीस वर्षं ती मोटार माझ्या हातानं चालली. मालकाला ती जीव की प्राण. त्यांनी कुठंतरी वाचलं की इटलीत अशा जुन्या गाड्यांची घाटात चढायची शर्यत होते. कागद केले, गाडी खोक्यात घालून जहाजानं पाठवली. मला म्हणाले, "मिस्त्री, गाडी मी चालवीन, पण शेजारी तुम्ही पाहिजेत. रस्त्यात बंद पडली तर तिकडच्या माणसाला तिची बोली कळणार नाही."

बायकोनं ऐकलं तेव्हा आधी म्हणाली, "ह्या वयात?" आणि मग सगळ्या गल्लीत सांगून आली.

निघायच्या दिवशी तिनं तीस धपाटे केले. ज्वारीचं, हरभऱ्याचं, गव्हाचं पीठ, लसूण, तीळ, दह्यात मळलेले. आठ दिवस टिकतात. जुन्या हिरव्या लुगड्याचा एक चौकोन फाडला, काठासकट, आणि त्यात बांधून दिले. वर हळदीची पुडी खोचली. "घसा धरला तर दुधातून घ्या. लागलं-खरचटलं तर लावा. तिकडं हळद कुठून मिळंल?"

तिकडं पोचलो. पहिल्याच दिवशी सगळ्या गाड्या एका मोठ्या मैदानात लागल्या. माणसं कशी, तर टोप्या, चामड्याचे हातमोजे, पॉलिश केलेले बूट. त्यांचे मिस्त्रीसुद्धा आपल्याकडच्या साहेबासारखे. दुपारी जो तो डबे उघडायला लागला. मी फडक्याची गाठ सोडली. लसणाचा आणि तेलाचा वास सुटला. शेजारच्या एका बाईनं नुसतं वळून बघितलं. काही बोलली नाही, नाक मुरडलं नाही. कोणी मला काहीच म्हणालं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. मालक तर तिथं नव्हतेच. मला माझीच शरम वाटली. उठलो, मैदानाच्या टोकाला कचऱ्याचा डबा होता, त्यात तीसचे तीस धपाटे ओतले. फडकं झटकलं आणि खिशात घातलं. मिस्त्री माणूस भाकर टाकील, पण चिंधी टाकणार नाही. पुसायला लागते. हळदीची पुडीही खिशातच राहिली, ती टाकायचं ध्यानात आलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी शर्यत. घाट असा की आपला जिंतूरकडचा घाट त्याच्यापुढं बांध वाटावा. अर्ध्यात गेलो आणि बॉनेटमधून वाफ निघाली. उतरून बघितलं तर रेडिएटरचा रबरी पाईप चिरलेला आणि खाली जाळीतूनही पाणी पाझरत होतं. मागच्या गाड्या पों पों करत पुढं चालल्या. मालकाचं तोंड उतरलं.

"संपलं का मिस्त्री?"

"थांबा," मी म्हणालो.

इंजिन गार होऊ दिलं. फडकं रस्त्याकडेच्या ओढ्यात भिजवलं, पिळलं आणि पाईपावर आवळून गुंडाळलं, वरून तार मारली. हळदीची पुडी रेडिएटरमध्ये रिकामी केली. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना हे माहीत आहे, हळद बारीक भोकात जाऊन बसते. वरून ओढ्याचं पाणी ओतलं. हँडल मारलं. गाडी चालली. माथ्यापर्यंत थेंब गळला नाही. आमचा नंबर कितवा आला ते विचारू नका, मागून मोजलं तर लवकर सापडतो. पण पोचलो. माथ्यावर माणसांनी टाळ्या वाजवल्या. मालकानं मला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्यांचं डोकं बघा!" एकजण मला विचारत होता, ते पिवळं काय ओतलं. मी नुसतं डोक्याला बोट लावून दाखवलं. लोक हसले. मला बरं वाटलं.

माथ्यावरच्या गावात जेवण होतं. एक म्हातारी, डोक्याला रुमाल, तांब्याच्या हंड्यात काठीनं काहीतरी घाटत होती. पिवळंधमक. तिनं ते लाकडी पाटावर पालथं केलं, गोल ढेप झाली. मग दोरा घेऊन सरकन कापलं. त्यावर घेवड्याच्या दाण्याचं कालवण आणि चीज टाकलं. पहिला घास घेतला आणि ओळखलं. कण्या. मक्याच्या होत्या एवढंच. आपल्याकडं ज्वारी भरडून, शिजवून करतात. माझ्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोनं कण्या केल्या होत्या, तेव्हा मी ताट सरकवून म्हणालो होतो, "मी काय आजारी हाय?" त्यानंतर तिनं माझ्या ताटात कधी वाढल्या नाहीत. मी कामावर असलो की एकटी करून खायची.

तिथं मी तीनदा मागून घेतल्या. लय झकास लागल्या, खोटं कशाला बोलू. त्या म्हातारीपुढं हात जोडले, तिचा हात कपाळाला लावला. ती लाजली. मालकानं फोटो काढला. पुढचे चार दिवस मी तिकडचं सगळं खाल्लं, कडक पाव, तेलातली वांगी, तुळशीसारख्या पाल्याची चटणी, आणि प्रत्येक रांधणारीला हात जोडले. घरच्या बाईला चाळीस वर्षांत एकदाही नाही.

घरी आलो. दारातच तिनं विचारलं, "धपाटे पुरले का?"

आता एवढ्यावर "पुरले" म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "पुरले म्हंजी? गोऱ्यांनी बी खाल्ले. एका म्हातारीला तर लय आवडले."

"आन् फडकं?"

तेव्हा ते पाईपाला होतं, गाडी जहाजात. हे सांगता आलं असतं. सांगितलं असतं की तुझ्या हळदीनं आणि तुझ्या लुगड्यानं गाडी माथ्यावर नेली, तर ती महिनाभर त्या आनंदात नांदली असती. पण मग ती म्हणाली असती, दुसऱ्याच दिवशी फडकं रिकामं कसं झालं? तीस धपाटे एका दिवसात कोण खातं? म्हणून म्हणालो, "त्या म्हातारीनं आठवण म्हणून ठिवून घेतलं."

मालकानं त्या फोटोची फ्रेम करून दिली. मी, ती म्हातारी आणि पाटावरची पिवळी ढेप. बायकोनं तो बैठकीत भिंतीवर लावला. कोणी आलं की दाखवायची. "ही बगा, हिनंच माझं फडकं ठिवून घेतलं." एकदा फोटोजवळ जाऊन निरखत म्हणाली, "ह्या कण्या दिसायल्यात."

"छे. तिकडची मिठाई हाय ती," मी म्हणालो.

भादव्यात गाडी परत आली. पाईप तसाच ठेवला होता. त्या मापाचा नवा मिळत नाही, आणि चालतंय तिथं हात घालायचा नाही हा माझा नियम. फडकं तेलानं काळं झालं होतं. मला वाटलं, आता ते कोण ओळखतंय.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मालकाच्या शेडमध्ये दरवर्षी हत्यारांची आणि गाडीची पूजा असते. पाने, जॅक, हातोडे मांडतात, बॉनेट उघडतात, आणि गाडीला हळदकुंकू माझ्या बायकोनं लावायचं, ही मालकाच्या आईनं पाडलेली रीत. ह्या वर्षीही लावलं. मी तेव्हा बाहेर नारळ फोडत होतो. ती बाहेर आली, प्रसाद वाटला, घरी आलो.

शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाणी तापवायला उठली. चुलीजवळ बसली ती बसलीच. मी हाक मारली, हात लावला, मग कळलं. दुपारी तिला नेऊन आलो.

संध्याकाळी माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, शेजारीच राहते, पिठलं-भाकर घेऊन आली. घरात चूल पेटवायची नव्हती. गल्लीतल्या दोन बाया बसलेल्या. एक फोटोकडं बघून म्हणाली, "नशीब लागतं. तिच्या हातचं इटलीपतोर गेलं." मी मान हलवली. तेव्हासुद्धा हलवली, हे लिहिताना हात जड होतोय.

बाया गेल्यावर वहिनी माझ्यासमोर बसली.

"भावजी, एक सांगते. तिनं सांगू नको म्हणलं व्हतं."

"काय?"

"खंडेनवमीला तिनं गाडीत फडकं बगितलं. हिरवा काठ वळखला तिनं. मला म्हणली, आक्का, धपाटे बी कुठं गेले आसतील ते समजलं मला. पर कुणाला बोलू नका, मी गल्लीत लय सांगून बसले, त्यांची इज्जत जाईल."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो.

"रडली का ती?"

"न्हाई. म्हणली, विचारून बगते एकदा. सांगितलं तर सांगितलं."

ती शेंगा फोडताना विचारत होती ती ह्यासाठी. नवं द्यायला पायजे व्हतं, असं म्हणून तिनं माझ्यासाठी खरं बोलायची वाट उघडी करून दिली होती. आणि मी म्हणालो, तिला काय कळतंय नवं-जुनं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी चपला घातल्या. वहिनी दारात आली. "सुतकात कुठं निगालात?"

"शेडवर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

शेडची किल्ली माझ्याकडंच असते. बॉनेट उघडलं. पक्कडीनं तार तोडली, फडक्याचे वेढे सोडवले. वरचे काळेकुट्ट, आतला वेढा पिवळा. काठाचा हिरवा रंग एका जागी अजून दिसत होता, तेवढा तिला पुरला होता. पाईपातून पाणी भळाभळा खाली सांडायला लागलं. मालक आवाज ऐकून आले.

"मिस्त्री, आज कशाला आलात तुम्ही? आणि हे काय करताय?"

"बायकोचं फडकं हाय मालक. नेतो."

"अहो, पण गाडी..."

"हळद बी तिचीच व्हती. डोकं माझं न्हवतं. आन् तिनं दिलेले धपाटे मी तिथं कचऱ्यात टाकले. तुमाला कुणी इचारलं तर आसंच सांगा."

मी हातपंपावर फडकं धुतलं. तेल निघालं नाही, हळदही निघाली नाही. घरी आलो तोवर बसायला येणारी माणसं ओट्यावर जमली होती. मी बैठकीत गेलो आणि त्या फोटोच्या खिळ्याला फडकं अडकवलं. पाणी भिंतीवरून ओघळलं.

वहिनी हळूच म्हणाली, "तिनं झाकलं, तुमी उघडं करायलाव."

"तिनं माझं खोटं झाकलं वैनी. मी तिचं केलेलं झाकलं व्हतं."

एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून विचारलं, "हे वलं काय लावलंय रे भिंतीला?"

मी त्याच्यापुढं जाऊन खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.