धुक्यातला पॅराडिडल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ब्रिटिश इन्फंट्रीच्या एका बटालियनमध्ये ड्रमर होतो. बाबा लंडनजवळ स्टॅनमोरला डॉक्टर. मी साइन अप केलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, ढोल वाजवायला आर्मीत कशाला जायला हवं?"

ड्रमर परेडला ड्रम वाजवतो आणि एक्सरसाइजवर, म्हणजे युद्धसरावात, मशीनगन उचलतो, हे सिव्हिलियन लोकांना सहसा माहीत नसतं.

रोज सकाळी आठ ते दहा प्रॅक्टिस. कॉर्पोरल ॲलन प्राइस शिकवायचा. रबरी पॅडवर आधी सिंगल स्ट्रोक, मग डबल, मग पॅराडिडल. उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा.

"डावा हात कच्चा आहे, केळकर. पुन्हा."

तो कधी ओरडला नाही. स्टिक्स मात्र कायम जवळ बाळगायला लावायचा, एक्सरसाइजवरसुद्धा.

त्या नोव्हेंबरमध्ये आम्ही वेल्सच्या डोंगरात होतो. आमच्या पोझिशनवर आम्ही चौघे ड्रमर. हॅरिस आणि मॅकी खालच्या ओढ्यावर पाणी आणायला गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी धुकं उतरलं, पाठोपाठ बर्फाळ पाऊस. तीन वाजले तरी दोघांचा पत्ता नव्हता.

प्राइसने रेडिओवर कमांड पोस्टला हाक दिली. "झीरो, हे टू-वन. दोन जण बेपत्ता. शोधायला जातो. ओव्हर."

"टू-वन, निगेटिव्ह. जागा सोडू नका. आउट."

आसपासच्या तुकड्यांच्या शिट्ट्या चारी बाजूंनी येत होत्या. कुठली कुणाची, कळत नव्हतं. प्राइसने ॲम्युनिशनची रिकामी पत्र्याची पेटी माझ्यासमोर उपडी ठेवली.

"पॅराडिडल वाजव. ते आपल्याच पोरांना ओळखू येईल. मी येईपर्यंत वाजवणं थांबवू नकोस."

"कॉर्पोरल, ऑर्डर..."

"ऐकली मी."

चार पावलांत तो दिसेनासा झाला.

मी वाजवत राहिलो. स्वतःचे गुडघेही नीट दिसत नव्हते. बोटं बधिर झाली. मग मला वाटू लागलं की कुणीच परत येणार नाही, मी इथेच बसल्या जागी गोठून मरणार. घशातून आवाज येत होता, तो माझाच आहे हे उशिरा कळलं. मी हात काखेत घातले आणि डोळे मिटून घेतले.

किती वेळ, सांगता येत नाही. एक मिनिट असेल, पाच असतील. भानावर आलो तेव्हा पुन्हा वाजवू लागलो.

तीन चाळीसला हॅरिस आणि मॅकी रांगत वर आले.

"आवाज मध्येच बंद पडला," हॅरिस म्हणाला. "आम्ही उलट्या दिशेला निघालो होतो."

प्राइस त्यांना भेटलाच नव्हता. रेस्क्यू टीम येईपर्यंत मी वाजवलं. तो दुसऱ्या दिवशी एका कड्याखाली सापडला.

चौकशीत मेजरनी टायमिंग विचारले, मी दिले. मध्ये थांबलो होतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

आर्मी सोडल्यावर मी मँचेस्टरला प्राइसच्या आईला भेटायला गेलो. मिसेस प्राइसना सगळं सांगितलं, थांबलो होतो तेही. त्यांनी एवढंच विचारलं,

"तेव्हा तुझं वय काय होतं?"

"एकोणीस."

"ॲलन सव्वीसचा होता," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.